अमेरिकेतलं स्थळ ठरलं, पण व्हिसा कुठला? लग्नाची तारीख काढण्याआधी हे बघून घ्या

अमेरिकेतलं स्थळ आलं की आपल्याकडे पगार विचारतात, घर स्वतःचं की भाड्याचं ते विचारतात, पत्रिका जुळवतात. मुलाचा तिथला कायदेशीर दर्जा काय, हा प्रश्न मात्र ‘सेटल आहे’ या दोन शब्दांवर सुटतो. सेटल या शब्दाला अमेरिकन कायद्यात काहीही अर्थ नाही. तिथला नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि एच-१बी व्हिसावर नोकरी करणारा, हे तिघंही एकाच गावात शेजारी शेजारी राहत असतील, तिघांचा पगारही सारखा असेल. पण लग्नानंतर बायकोला तिकडे नेण्याचा रस्ता तिघांचा पूर्ण वेगळा असतो. रस्ता चुकला तर लग्न होऊन दोघं दोन खंडांत, अशी वेळ येते. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या घरांत हा प्रकार नवा राहिलेला नाही.

सोयीसाठी मुलगा तिकडचा आणि मुलगी इकडची असं धरून लिहितो. उलट असलं तरी नियम तेच.

मुलगा अमेरिकन नागरिक असेल तर

नागरिकाच्या बायकोला तिथला कायदा अगदी जवळची नातेवाईक मानतो. या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, म्हणून रांगही नाही. जो वेळ लागतो तो फक्त कागद तपासण्याचा. इथे दोन रस्ते निघतात आणि सगळा गोंधळ याच दोन रस्त्यांचा आहे.

पहिला रस्ता : आधी इकडे लग्न, मग अर्ज. नवरा अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, आय-१३० हा अर्ज करतो. तो मंजूर झाला की फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे फी, डीएस-२६० हा ऑनलाइन फॉर्म, जन्म-विवाहाचे दाखले आणि नवऱ्याचं आर्थिक हमीपत्र द्यायचं. मग मुलाखत. बेळगाव असो, हैदराबाद असो की ग्वाल्हेर, स्थलांतर व्हिसाच्या मुलाखतीला सर्वसाधारणपणे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात जावं लागतं. या व्हिसाचं नाव सीआर-१ किंवा आयआर-१. अमेरिकेत उतरल्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर सीआर-१, झालेली असतील तर आयआर-१. दोन्हीत मुलगी विमानतळावर उतरते तीच कायम रहिवासी म्हणून. पासपोर्टवरचा शिक्का हाच तात्पुरता पुरावा, कार्ड मागाहून पोस्टाने येतं. नोकरी दुसऱ्या दिवसापासून करता येते.

दुसरा रस्ता : के-१, म्हणजे वाग्दत्त वधूचा व्हिसा. लग्न अमेरिकेत जाऊन करायचं. मुलगा आय-१२९एफ अर्ज करतो. अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेले असले पाहिजेत. व्हिडिओ कॉल चालत नाही. व्हिसा मिळाला की अमेरिकेत पोचल्यापासून ९० दिवसांत त्याच मुलाशी लग्न करायचं आणि मग तिथेच ग्रीन कार्डासाठी आय-४८५ हा दुसरा मोठा अर्ज भरायचा. ९० दिवसांना मुदतवाढ नाही. ग्रीन कार्डधारकाला किंवा एच-१बीवाल्याला के-१ मागताच येत नाही, तो फक्त नागरिकाचा हक्क.

एजंट मंडळी के-१ ‘लवकर होतो’ म्हणून सुचवतात. दोघं एकत्र येण्याची तारीख के-१ मध्ये अनेकदा आधी येते, हे खरं. पण पुढचं ते सांगत नाहीत. के-१ वर गेलेल्या मुलीला आय-४८५ प्रलंबित असताना कामाचा परवाना हातात पडेपर्यंत नोकरी करता येत नाही. आगाऊ प्रवास-परवाना न घेता ती देशाबाहेर पडली तर अर्ज सोडून दिला असं धरतात. इकडे आई आजारी पडली तरी ती पटकन येऊ शकत नाही. आणि ज्याने के-१ मागवला त्याच्याशी लग्न झालं नाही, तर तिथे राहून दुसऱ्या कुठल्याही व्हिसावर बदली होत नाही. सरळ परत यायचं.

हिशेब एकदा मांडूनच बघा

१ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरपत्रकावर आकडेमोड केली. लग्नाच्या रस्त्याला आय-१३० ऑनलाइन ६२५ डॉलर, व्हिसा फी ३२५, आर्थिक हमीपत्र तपासणी १२०, कार्डासाठी स्थलांतरिताची फी २३५. एकूण १,३०५ डॉलर. के-१ ला आय-१२९एफ चे ६७५, व्हिसा २६५, तिकडे गेल्यावर आय-४८५ चे १,४४०. झाले २,३८०. कामाचा परवाना हवा तर आणखी २६०, प्रवास-परवाना हवा तर ६३०. हे धरून ३,२७०. वैद्यकीय तपासणी, भाषांतर, मुंबईच्या फेऱ्या दोन्हीकडे वेगळ्या. म्हणजे फी जवळजवळ अडीचपट, वर मुलगी काही महिने बिनपगारी घरात बसून. (फी बदलत राहते, भरण्याच्या दिवशी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावरचा आकडाच खरा.)

आमच्या मते नागरिक मुलाशी रीतसर लग्न ठरलेल्या दहातल्या नऊ घरांनी के-१ च्या नादी लागू नये. इकडे लग्न करा, आय-१३० भरा, थोडा काळ थांबा.

तरी के-१ अगदी बाद नाही. दोघांना भारतात लग्न करणं शक्यच नसेल तर तो उपयोगी पडतो. समलिंगी जोडप्यांचं उदाहरण घ्या. भारतात त्यांच्या विवाहाला कायदेशीर मान्यता नाही, सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती दिली नाही. अमेरिकेत मात्र आहे. दुसरं, पुनर्विवाह आणि पदरात मोठं मूल. लग्नाच्या रस्त्याने सावत्र मुलासाठी अर्ज करायचा तर लग्न झालं त्या दिवशी मूल १८ वर्षांच्या आतलं हवं. के-१ वाल्या आईबरोबर मात्र २१ वर्षांच्या आतलं अविवाहित मूल के-२ वर जाऊ शकतं. एकोणीस वर्षांची मुलगी असलेल्या विधवेने हे वाचल्याशिवाय लग्नाची तारीख काढू नये. के-३ नावाचा आणखी एक व्हिसा जुन्या माहितीपत्रकांत दिसतो. तो आता नावापुरता उरला आहे, त्यात वेळ घालवू नका.

साखरपुडा, लग्न आणि नोंदणी : इथेच घोटाळा होतो

आपल्याकडे एक समज पक्का आहे : रजिस्टर केलं नाही म्हणजे कायद्याने लग्न झालं नाही. हे चूक आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ७ नुसार रूढीप्रमाणे विधी झाले की लग्न झालं; सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की ते पूर्ण होतं. कलम ८ स्पष्ट सांगतं की नोंदणी नसल्याने लग्न रद्दबातल होत नाही. आता असं होतं की मुलगा तीन आठवड्यांच्या सुटीवर येतो, घरचे कार्यालय घेऊन अक्षता टाकून मोकळे होतात, ‘रजिस्टर नंतर करू’ म्हणतात आणि कुणीतरी के-१ चा अर्ज भरतं. अर्जात दोघंही अविवाहित असं लिहिलं जातं. मुलाखतीत अधिकारी फोटो मागतो. हार, मंगळसूत्र, होम, कन्यादान सगळं त्यात. मग के-१ नाकारला जातो, कारण तुम्ही विवाहित आहात. वर अर्जात खोटं लिहिल्याचा शेरा बसला तर तो कायम त्रास देतो.

थाटामाटाच्या साखरपुड्यानेही ही शंका येते. आपला साखरपुडा हल्ली अर्ध्या लग्नाएवढा असतो, हे मुंबईच्या खिडकीपलीकडच्या माणसाला तुम्हालाच समजावून सांगावं लागतं. के-१ करायचाच असेल तर साखरपुडा साखरपुड्यासारखा ठेवा.

गोव्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथे नागरी नोंदणीचे दोन टप्पे. पहिल्यांदा इरादा जाहीर करायचा, सूचनेची मुदत संपली की दुसरी सही. ही दुसरी सही झाली की कायद्याने लग्न झालं, मंडपातला मुहूर्त सहा महिन्यांनी का असेना. गोव्यातली मुलगी आणि बेळगावचा अमेरिकावासी मुलगा असेल तर कुठली सही कधी केली, ती तारीख लिहून ठेवा. अमेरिकेच्या अर्जात तीच लग्नाची तारीख धरली जाईल.

दोघांचे धर्म वेगळे असतील, किंवा मुलगा मूळचा अमेरिकनच असेल, तर विशेष विवाह कायदा १९५४ लागतो. त्यात दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, मग ३० दिवसांची नोटीस, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न. तीन आठवड्यांच्या सुटीत हे बसत नाही. नोटीस कशी द्यायची, दोघांनी हजर राहायचं का, हे तिकीट काढायच्या आधी विवाह अधिकाऱ्याला विचारून घ्या.

एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. मुलाला सुटी मिळाली नाही म्हणून व्हिडिओवर लग्न लावलं, तर अशा लग्नाला अमेरिकेचा स्थलांतर कायदा तेव्हाच मानतो, जेव्हा त्यानंतर दोघं प्रत्यक्ष भेटून पती-पत्नी म्हणून एकत्र राहिलेले असतील. नुसत्या स्क्रीनवरच्या अक्षता चालत नाहीत.

ग्रीन कार्डधारक नवरा आणि एका दिवसाचा फरक

मुलगा ग्रीन कार्डवाला असेल तर बायको एफ-२-ए या वर्गात जाते. या वर्गाला मर्यादा आहे. ग्रीन कार्डधारकांच्या कुटुंबीयांच्या एफ-२ वर्गाला वर्षाला १,१४,२०० व्हिसे ठरलेले, त्यातले किमान ७७ टक्के जोडीदार आणि अल्पवयीन मुलांना, तेही साऱ्या जगासाठी. नवऱ्याने आय-१३० भरला त्या दिवसाची तारीख हा तुमचा रांगेतला नंबर. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यातली तारीख तुमच्या तारखेच्या पुढे गेली की तुमची पाळी. २०१९ च्या जुलैपासून २०२३ च्या मार्चपर्यंत हा वर्ग खुला होता, एप्रिल २०२३ पासून पुन्हा तारीख लागली. म्हणून ‘आमच्या मावसबहिणीचं तर लगेच झालं’ यावर जाऊ नका, ते वर्ष कुठलं होतं ते विचारा. एवढं बरं की भावंडांच्या वर्गासारखी भारतीयांची वेगळी लांब रांग इथे सहसा नसते.

नवरा मध्येच नागरिक झाला तर बायकोचा अर्ज आपोआप मर्यादा नसलेल्या वर्गात जातो. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र कळवायचं तेवढं विसरू नये. पण यात एक मेख आहे. एफ-२-ए मध्ये आईच्या अर्जावर मूलही येतं. नागरिकाच्या बायकोच्या वर्गात येत नाही. प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. आईचा व्हिसा आला आणि मूल राहिलं, असं त्यातून होऊ शकतं.

आता एका दिवसाचा फरक. मुलाचं ग्रीन कार्ड नोकरीच्या मार्गाने येणार असेल, तर ते मिळण्याच्या आधी लग्न झालेलं असल्यास बायको त्याच अर्जाची अवलंबित ठरते. ती बरोबर किंवा मागाहून येऊ शकते, नवऱ्याचीच तारीख तिला लागू होते. ग्रीन कार्ड सोमवारी मिळालं आणि लग्न मंगळवारी झालं, तर तीच मुलगी एफ-२-ए च्या रांगेत शेवटी उभी. मुलाकडून ‘ग्रीन कार्ड होऊ दे, मग लग्न करू’ असं ऐकायला मिळतं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, हिशेबाला उलटं आहे. कार्ड कधी येणार हे आधी विचारा आणि तारीख त्याच्या अलीकडे घ्या.

एच-१बी : लवकर जाता येतं, पण

एच-१बी वाल्याच्या बायकोला एच-४ मिळतो. हा स्थलांतराचा व्हिसा नाही, नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला आहे. नवऱ्याची नोकरी गेली की हिचाही दर्जा अडचणीत, घटस्फोट झाला की संपला. शिकता येतं, नोकरी सहसा नाही. मे २०१५ पासून काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला, पण नवऱ्याचा आय-१४० मंजूर असेल किंवा ठरावीक कायद्याखाली एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेला असेल तरच. इंजिनिअर झालेल्या, इकडे चांगला पगार घेणाऱ्या मुलीच्या घरच्यांनी एवढाच प्रश्न विचारावा : आय-१४० मंजूर आहे का? यावर उत्तर द्यायला मुलगा अडखळला तर मुलीने नोकरीचा राजीनामा घाईने देऊ नये.

पर्यटक व्हिसावर जाऊन तिकडेच राहायचं, हा सल्ला सगळ्यात वाईट. पर्यटक व्हिसावर जाऊन लग्न करून परत येणं यात गैर काही नाही. पण राहण्याचा बेत मनात ठेवून ‘फिरायला चाललोय’ सांगणं म्हणजे खोटी माहिती देणं. त्याचा परिणाम म्हणून पुढचे सगळे व्हिसे अडू शकतात.

हमीपत्र आणि दोन वर्षांचं कार्ड

नवऱ्याला आय-८६४ हे हमीपत्र द्यावं लागतं. त्याचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं; दोन माणसांच्या घराला २०२५ च्या तक्त्यानुसार वर्षाला २६,४३७ डॉलर. कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो. हमी देणाऱ्याचं वास्तव्य अमेरिकेत असलं पाहिजे. गोव्यात येऊन राहिलेल्या अमेरिकन नागरिकाला परत जाण्याची तयारी कागदोपत्री दाखवावी लागते. ही हमी घटस्फोटाने संपत नाही, हे मुलींनी लक्षात ठेवावं.

लग्नाला दोन वर्षं होण्याआधी गेलेल्या सीआर-१ वालीला आणि जवळजवळ प्रत्येक के-१ वालीला दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा, फी ७५० डॉलर. विसरलं तर दर्जा जातो. म्हणून व्हिसा हातात आला तेव्हा लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला थोडेच दिवस उरले असतील आणि व्हिसाची मुदत परवानगी देत असेल, तर तो दिवस इथेच घालवून मग विमानात बसा. विमानतळावर अधिकाऱ्याला सांगा, दहा वर्षांचं कार्ड मिळतं आणि ७५१ ची कटकट वाचते.

नवऱ्याने ७५१ वर सही करायला नकार दिला, मारहाण केली, सोडून दिलं, तर मुलगी एकटी अर्ज करू शकते; प्रामाणिक हेतूने लग्न केलं होतं, हे दाखवावं लागतं. ‘सही करणार नाही, मग बघ’ ही धमकी देणाऱ्यांना बहुधा हे माहीत असतं, मुलीला नसतं. के-१ आणि विवाह-व्हिसावर जाणाऱ्यांना या हक्कांचं माहितीपत्रक देण्याची सोय अमेरिकेच्या २००५ च्या कायद्यातच आहे, ते मागून घ्या. इकडे राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांसाठी वेगळा कक्ष आहे.

गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या घरांचा प्रश्न अमेरिकेचा नसून बहुतेक वेळा इंग्लंडचा असतो. तिथे राहणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाशी नातं ३१ डिसेंबर २०२० च्या आधीपासूनचं असेल तर जुन्या युरोपीय योजनेतून जाता येतं. त्यानंतर जुळलेल्या लग्नाला साधा जोडीदार व्हिसा, आणि त्याला ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांच्या उत्पन्नाची अट आहे.

सीमाभागातल्या कागदांची गंमत

मुंबईच्या मुलाखतीत आपल्या भागातल्या फायली बहुतेक वेळा नात्यावरून नाही, कागदावरून अडतात. पासपोर्टवर जन्मगाव ‘बेलगाम’, जन्मदाखल्यावर ‘बेळगावी’. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बदललं, हे एका ओळीत लिहून सोबत जोडा. जन्मदाखला कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर हवं आणि भाषांतरकाराने सहीनिशी प्रमाणित केलेलं. जुन्या जन्माची नोंदच नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या पातळीवरून नोंद नसल्याचा दाखला घ्या आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडा.

नावाचं तर विचारूच नका. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं लग्नाच्या दाखल्यावर, तांदळाच्या ताटात बदललेलं तिसरंच नाव सासूच्या तोंडी. आमचा सल्ला सरळ आहे : व्हिसा हातात येईपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नका, आणि बदलायचंच असेल तर आय-१३० भरण्याआधी बदलून आधार, बँक, सगळं एकसारखं करून घ्या. अर्धवट बदल सर्वात वाईट.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट विभागाकडून घ्यायचं. बेळगावचा पत्ता असेल तर बेंगळुरू विभागाखाली, चंदगडचा असेल तर पुणे, गोव्याचा असेल तर पणजी. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर आखातात किंवा दुसऱ्या कुठल्या देशात वर्षभर काढलं असेल तर तिथल्या पोलिसांचंही प्रमाणपत्र लागतं, आणि ते इकडून मागवायला वेळ जातो. आधीचं लग्न असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा हवा. बाँड पेपरवरची काडीमोड मुलाखतीत टिकणं कठीण. ठरवून केलेल्या लग्नात भेटी कमी झालेल्या असतात, म्हणून पत्रिका, कार्यालयाची पावती, दोन्हीकडच्या नातेवाइकांसह फोटो, विमानाची तिकिटं आणि बोलण्याच्या नोंदी तारखेप्रमाणे लावून ठेवा. अल्बममधले पाचशे फोटो नेऊ नका, पंचवीस पुरे. त्यात सासू-सासरे दिसले पाहिजेत.